पदवी राहिली, अभ्यास नाही

रानातला सुरण घशाला खाजतो, म्हणून आपण तो चिंच घालून नीट शिजवतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. अशाच एका विषारी सुरणाने दुर्गाबाई भागवतांच्या आयुष्याची वाट बदलली.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्या शिकल्या. प्राचीन बौद्ध कायद्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. मग डॉक्टरेटसाठी विषय घेतला आदिवासींच्या जीवनाचा आणि त्यांनी थेट मध्य प्रांतातली जंगलं गाठली. तेव्हा आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात होता. त्या काळी एका अविवाहित मुलीने पाड्यापाड्यांवर हिंडून गाणी, कथा, चालीरीती गोळा करायच्या म्हणजे काय, कल्पना करा!

तिथेच विषारी सुरण खाण्यात आला. दुर्गाबाई अनेक वर्षं अंथरुणाला खिळल्या. धाकटी बहीण कमला केंब्रिजहून विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन आली, थोरलीची मात्र अर्धवटच राहिली.

दुसरी एखादी खचली असती. दुर्गाबाईंनी पदवी सोडली, अभ्यास नाही सोडला. १९५६ साली त्यांचं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आलं. जात्यावरच्या ओव्या, सणाच्या कहाण्या, उखाणे हीसुद्धा विद्याच आहे, हे त्यांनी विद्वानांना पटवलं. त्याच वर्षी ‘ऋतुचक्र’ आलं. बारा महिन्यांतली झाडं, फुलं, पाखरं त्यात आहेत. अमेरिकन लेखक थोरोचं ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणलं. ‘पैस’ला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वयंपाकही त्यांच्या आवडीचा, त्यावरचं ‘खमंग’ हे पुस्तक अनेकींना ठाऊक असेल.

१९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. देशात आणीबाणी होती, समोर मंत्री बसलेले. तरीही लेखकाच्या स्वातंत्र्यासाठी त्या ठामपणे बोलल्या. पुढच्याच वर्षी तुरुंगात गेल्या, पण नमल्या नाहीत. ७ मे २००२ रोजी त्यांचं निधन झालं.

मैत्रिणींनो, लग्न, बाळंतपण, आजारपण, कशाने ना कशाने आपल्यातल्या कितीजणींचं शिक्षण सुटलं. त्याची हळहळ मनात असतेच. पण आजीच्या ओव्या, सासूबाईंनी सांगितलेली रानभाज्यांची नावं वहीत उतरवायला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही. दुर्गाबाईंनीही असंच ऐकत-ऐकत, टिपत-टिपत एवढं उभं केलं.