ध्रुवीय बर्फातील शिशाचा माग

पृथ्वीचे वय ठरविणारे शास्त्रज्ञ म्हणून क्लेअर पॅटरसन यांचे नाव भूगर्भशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. त्यांच्या आयुष्याची पुढची तीस वर्षे मात्र वेगळ्याच प्रश्नामागे गेली. जिथे ना कारखाना ना मोटार, अशा ध्रुवीय बर्फात शिसे आले कोठून, हा तो प्रश्न. आर्क्टिकमधील पक्ष्यांच्या रक्तात व पिसांत जड धातूंचे अंश मोजणारे संशोधक आज ज्या काटेकोरपणाने काम करतात, त्यामागे पॅटरसन यांनी घालून दिलेली शिस्त आहे.

अमेरिकेतील आयोवा राज्यात मिचेलव्हिल या लहानशा गावी २ जून १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात होते. आईने आणून दिलेल्या रसायनांच्या पेटीमुळे मुलाला रसायनशास्त्राचा नाद लागला. ग्रिनेल कॉलेजातून १९४३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी सहाध्यायी लॉर्ना मॅक्लिअरी यांच्याशी विवाह केला. महायुद्ध सुरू होते. दोघेही अणुबॉम्बच्या प्रकल्पात दाखल झाले, प्रथम शिकागोत आणि नंतर ओक रिज येथे. त्या सहभागाची खंत पॅटरसन यांना पुढे जन्मभर वाटत राहिली. परंतु मास स्पेक्ट्रोमीटर हे उपकरण त्यांच्या हाती आले ते तेथेच.

युद्धानंतर शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी त्यांच्यावर एक वरकरणी साधे काम सोपविले. झिरकॉन खनिजाच्या कणांतील शिसे मोजायचे होते. जॉर्ज टिल्टन हे सहकारी युरेनियम मोजत. टिल्टन यांचे आकडे अपेक्षेप्रमाणे येत, पॅटरसन यांचे मात्र भलतेच मोठे. नमुन्यात शिसे जेवढे असायला हवे त्याच्या कितीतरी पट ते प्रयोगशाळेच्या हवेतून, नळाच्या पाण्यातून, कपड्यांवरून आणि माणसाच्या केसांतून येत होते. दुसरा एखादा संशोधक वैतागून विषय बदलता. पॅटरसन यांनी शत्रू कोण आहे, हे ओळखले. १९५२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आल्यावर त्यांनी बाहेरची धूळ आत येणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली. भांडी पुन:पुन्हा आम्लात धुतली जात आणि रसायने स्वत: शुद्ध केली जात. ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो येथे पडलेल्या उल्केच्या तुकड्यातील शिसे १९५३ मध्ये त्यांनी मोजले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे दिले. तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

एवढ्यावर थांबले असते, तरी त्यांची कीर्ती अबाधित राहिली असती. पण सभोवतालचे शिसे त्यांना स्वस्थ बसू देईना. समुद्राच्या पाण्याची तपासणी करताना वरच्या थरांत खोल पाण्यापेक्षा शिसे बरेच अधिक असल्याचे त्यांना दिसले. हे शिसे अलीकडे वरून पडलेले असणार, हे उघड होते. संशय गेला तो पेट्रोलवर. इंजिनाचा खडखडाट थांबावा म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९२३ पासून सुरू झाली होती आणि मोटारींच्या धुरावाटे ते शिसे जगभर पसरत होते. गंमत अशी, की समुद्रावरील या कामास पैसा पुरविणाऱ्यांत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही तेल कंपन्यांची संघटना होती.

१९६५ साली पॅटरसन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर निबंध लिहून माणसाच्या शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक नव्हेच, असे मांडले. तोवर या विषयात रॉबर्ट केहो यांचा शब्द अखेरचा मानला जाई. शिसे निसर्गात असतेच, शरीर ते बाहेर टाकते आणि ठरावीक मर्यादेखाली त्यापासून धोका नाही, हे त्यांचे मत होते. त्यांच्या प्रयोगशाळेला शिसे उद्योगाचा पैसा मिळत असे. पॅटरसन यांचा आक्षेप या मताच्या पायावरच होता. जे सर्वत्र आढळते ते नैसर्गिकच असते असे नाही, एवढेच ते सांगत होते. उद्योगाचे प्रतिनिधी त्यांना भेटून गेले. पुढे तेल संघटनेचे अनुदान बंद झाले, सरकारी आरोग्य खात्याचा करारही पुढे चालू राहिला नाही. तरी १९६६ मध्ये सेनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे त्यांनी निर्भीडपणे साक्ष दिली.

पुरावा हवा होता तो काळाचा, आणि काळ साठवून ठेवतो तो बर्फ. ग्रीनलंडमध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरी या बर्फाखालील तळाजवळ आणि अंटार्क्टिकात न्यू बर्ड स्थानकाजवळ नमुने घेण्यात आले. प्लास्टिकचे कपडे व हातमोजे घातलेली माणसे आम्लाने धुतलेल्या साधनांनी बर्फाचे ठोकळे कापत. मासायो मुरोझुमी व त्सायह्वा चाऊ या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रीनलंडच्या बर्फात इ.स.पूर्व ८०० च्या सुमारास किलोमागे ०.००१ मायक्रोग्रॅमहूनही कमी असलेले शिसे १९६५ पर्यंत ०.२०० मायक्रोग्रॅमवर पोचले होते. म्हणजे दोनशे पटींहून अधिक वाढ, आणि तिचा सर्वांत तीव्र चढ १९४० नंतरचा. दक्षिण गोलार्धात मोटारी व कारखाने कमी. त्यामुळे अंटार्क्टिकात प्रमाण पुष्कळच कमी भरले. नंतर सुधारलेल्या पद्धतींनी केलेल्या मापनात अंटार्क्टिकाचे जुने आकडे आणखी खाली आणावे लागले, आणि त्या कामातही पॅटरसन स्वत: होते.

बर्फाला धातू बाधत नाहीत, पक्ष्यांना बाधतात. अलास्काच्या पश्चिमेस युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात स्पेक्टॅकल्ड आयडर ही समुद्री बदके घरटी करतात. १९७० च्या दशकापासून १९९२ पर्यंत तेथील त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. कारणे अनेक असावीत. पण १९९० च्या दशकात शिशाच्या विषबाधेने मेलेली बदके तेथे सापडली. शिकाऱ्यांचे छर्रे तळ्यांच्या गाळात पडून राहतात, बदके ते खड्यांसोबत गिळतात. दाणे भरडणाऱ्या पेषणीत छर्रे झिजतात, आम्लात विरघळतात आणि शिसे रक्तात उतरते. हे शिसे छर्ऱ्यांचेच आहे, हे पुढे समस्थानिकांच्या प्रमाणावरून दाखविता आले. पॅटरसन यांनी उल्केचे वय काढले ते याच प्रमाणांच्या आधारे.

पाऱ्याची गोष्ट याहून बिकट आहे. तो हवेतून ध्रुवांपर्यंत जातो, पाण्यात मिथाइल पारा बनतो आणि माशांमार्फत पक्ष्यांत साठत जातो. पीसझडीत त्यातील काही भाग पिसांवाटे बाहेर पडतो. म्हणून संग्रहालयातील जुनी पिसे बर्फाच्या थरांसारखीच वाचता येतात. कॅनडा व ग्रीनलंडकडील आयव्हरी गल या शुभ्र कुरवाच्या १८७७ ते २००७ या काळातील पिसांत मिथाइल पारा ४५ पटींनी वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये, जेथे २००८ पासून भारताचे हिमाद्री केंद्र आहे, रक्तात पारा अधिक असलेल्या किटिवेक माद्या त्या वर्षी अंडीच घालत नाहीत, असे आढळले आहे.

सन्मान पॅटरसन यांच्याकडे उशिरा आले. शिशावरील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९७१ च्या अहवालासाठीच्या समितीतून त्यांना वगळण्यात आले होते. पुढच्या समितीत घेतले, तेव्हा बहुमताचा अहवाल त्यांना मिळमिळीत वाटला आणि त्यांनी भिन्नमत स्वतंत्रपणे नोंदविले. दरम्यान डबाबंद ट्यूना माशातील शिसे डब्याच्या झाळणीतून येते हे त्यांनी दाखविले, आणि पेरूमधील प्राचीन सांगाड्यांच्या तुलनेत आधुनिक अमेरिकनांच्या हाडांत ते शेकडो पटींनी अधिक असल्याचेही. प्राध्यापकपद त्यांनी १९८९ पर्यंत स्वीकारलेच नव्हते. सहकाऱ्यांना ते तऱ्हेवाईक वाटत, आणि ते खोटे नव्हते.

१९९१ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बुत्राँ यांच्या गटाने ग्रीनलंडच्या ताज्या बर्फातील शिसे वीस वर्षांत साडेसात पटींनी घटल्याचे जाहीर केले. मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये आले, देशभर २००० साली. पॅटरसन यांना १९९५ मध्ये टायलर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला कॅलिफोर्नियात दम्याच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकण्यावर अमेरिकेत पूर्ण बंदी आली ती १ जानेवारी १९९६ रोजी, म्हणजे चार आठवड्यांनी. जगातील शेवटचा असा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. अंटार्क्टिकातील क्वीन मॉड पर्वतरांगेत एका शिखराला पॅटरसन यांचे नाव आहे.