विश्लेषण : बीटल्सचा गिटारवादक स्वतंत्र गीतकार कसा झाला? जॉर्ज हॅरिसन यांची रांगेत थांबलेली गाणी आणि मुंबईचा धागा

जगातील सर्वांत गाजलेल्या बँडचा प्रमुख गिटारवादक, पण स्वतःच्या गाण्यांसाठी अल्बममध्ये जेमतेम एक-दोन जागा. ‘द बीटल्स’मध्ये जॉर्ज हॅरिसन यांची अनेक वर्षे हीच स्थिती होती. १९७० मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला त्यांचा तब्बल तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा अल्बम आला. काही महिन्यांत एवढी गाणी आली कुठून? खरे तर त्यांतली बरीच गाणी आधीच लिहून तयार होती. गिटारवादक ते स्वतंत्र गीतकार या हॅरिसन यांच्या प्रवासाचा आढावा.

जॉर्ज हॅरिसन कोण होते?

२५ फेब्रुवारी १९४३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे हॅरिसन यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते धाकटे, वडील बसवर नोकरीला. शाळेच्या बसमध्ये त्यांची पॉल मॅकार्टनी यांच्याशी ओळख झाली. मॅकार्टनी यांनीच त्यांना जॉन लेनन यांच्या ‘क्वारीमेन’ या बँडमध्ये नेले. तेव्हा हॅरिसन अवघे १५ वर्षांचे होते. याच बँडचे पुढे ‘बीटल्स’ झाले. बँडमध्ये वयाने सर्वांत लहान असल्याने ‘धाकटा’ हा शिक्का त्यांच्यावर कायम राहिला.

बँडमध्ये त्यांची गाणी का अडत?

लेनन आणि मॅकार्टनी ही जोडी हॅरिसन यांच्या कितीतरी आधीपासून गाणी लिहीत होती. त्यांची गाणी एकामागून एक गाजत असल्याने स्टुडिओतील वेळही आधी त्यांनाच मिळे. हॅरिसन यांचे पहिले गाणे ‘डोन्ट बॉदर मी’ १९६३ च्या अल्बममध्ये आले. १९६४ मध्ये बीटल्सचे दोन अल्बम निघाले, त्यांत त्यांचे एकही गाणे नव्हते. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये त्यांची तीन गाणी आली, तर पुढच्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये पुन्हा एकच. बीटल्सने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेल्या गाण्यांत हॅरिसन यांची गाणी २२ भरतात.

यात पैशाचाही प्रश्न होता. बँडच्या गाण्यांचे हक्क ‘नॉर्दर्न साँग्ज’ या कंपनीकडे होते. तिच्यात लेनन-मॅकार्टनी यांचा वाटा मोठा, तर हॅरिसन यांचा अगदी नगण्य. त्यामुळे हॅरिसन यांनी लिहिलेल्या गाण्यातूनही त्या दोघांना कमाई होत असे. हा करार संपल्यावर १९६८ पासून त्यांनी आपली गाणी ‘हॅरिसाँग्ज’ या स्वतःच्या कंपनीकडे वळवली.

मुंबईत काय घडले?

१९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात हॅरिसन यांनी सतार वाजवली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये ते सतार शिकायला मुंबईत आले. मुक्काम ताजमहाल हॉटेलात होता. बातमी फुटली, चाहत्यांची गर्दी जमली आणि गुरु-शिष्यांना शिकवणीसाठी काश्मीरमध्ये हाउसबोटवर जावे लागले.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईत आले, ते ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत तेव्हा दोन ट्रॅकचे यंत्र नव्हते. कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी ते कोलकात्याहून आणवले. या ध्वनिमुद्रणांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे कलाकार सहभागी होते. ‘वंडरवॉल म्युझिक’ हा बीटल्सपैकी कोणाचाही पहिला स्वतंत्र अल्बम ठरला. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत तयार झाले. ते मार्चमध्ये सिंगलच्या मागच्या बाजूला आले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसन यांच्या गाण्याला जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

म्हणजे लंडनमध्ये जागेसाठी थांबावे लागणारा हा संगीतकार मुंबईच्या स्टुडिओत सर्व निर्णय स्वतः घेत होता.

सतार सोडली, मग गिटार कशी बदलली?

सतारीत पारंगत व्हायचे तर लहानपणापासून रियाज हवा, हे हॅरिसन यांना १९६८ च्या सुमारास उमगले आणि ते गिटारकडे परतले. मात्र सतारीची शिकवणी वाया गेली नाही. १९६९ च्या अखेरीस डिलेनी अँड बॉनी यांच्या दौऱ्यात त्यांनी स्लाइड गिटार मनावर घेतली. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवर सरकवायची, अशी ही पद्धत. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील हवाईयन गिटार ऐकलेल्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. सूर तुटू न देता एकावरून दुसऱ्यावर जाणे, म्हणजे आपल्याकडची मींड, स्लाइडमध्ये सहज जमते. भरभर वाजवून दाखवण्याऐवजी गाणाऱ्या गळ्यासारखी हळू, वळणे घेणारी गिटार ही पुढे हॅरिसन यांची ओळख बनली. गाण्याला पूरक ठरेल असेच आणि तेवढेच वाजवणारा हा गिटारवादक होता.

ठिणगी कुठे पडली?

१९६८ च्या अखेरीस हॅरिसन अमेरिकेत बॉब डिलन यांच्याकडे राहिले. तिथे दोघांनी मिळून गाणेही लिहिले. बरोबरीने वागवणाऱ्या संगीतकारांची ही सोबत अनुभवून ते जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमींना परतले. तिथे मात्र जुनेच चित्र होते. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या गाण्याची तालीम अनेकदा झाली, पण ते बीटल्सच्या अल्बमपर्यंत पोहोचले नाही. १० जानेवारीला हॅरिसन बँड सोडून घरी गेले आणि त्याच दिवशी त्यांनी ‘वाह-वाह’ हे गाणे लिहिले. सुमारे दोन आठवड्यांत ते परतले, पण मनाने बाहेर पडण्याची तयारी सुरू झाली होती.

त्याच वर्षीच्या ‘अॅबी रोड’मध्ये त्यांची ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही गाणी आली. यातील ‘समथिंग’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मात्र फ्रँक सिनात्रा ते मैफलीत गाताना श्रेय लेनन-मॅकार्टनी यांना देत.

पहिल्या मोठ्या अल्बममध्ये काय होते?

एप्रिल १९७० मध्ये बीटल्स फुटल्याचे जाहीर झाले आणि मेअखेर हॅरिसन निर्माते फिल स्पेक्टर यांच्यासह स्टुडिओत दाखल झाले. ‘इझन्ट इट अ पिटी’ आणि ‘आर्ट ऑफ डाइंग’ यांची मुळे १९६६ पर्यंत जातात. ‘वाह-वाह’ही यात होते. दोन तबकड्यांवर गाणी आणि तिसरीवर सहकाऱ्यांसोबतचे मुक्त वादन अशी मांडणी होती. अल्बम अमेरिकेत सात आठवडे अव्वल राहिला. ‘माय स्वीट लॉर्ड’ हे बीटल्सपैकी एखाद्याने स्वतंत्रपणे गायलेले पहिल्या क्रमांकाचे पहिले गाणे ठरले. त्यातील कोरसमध्ये हरे कृष्ण मंत्राचा गजर आहे.

पुढे रविशंकर यांच्या विनंतीवरून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाली. दोन मैफलींतून युनिसेफसाठी सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर जमले.

स्वतंत्र वाटेची किंमत काय होती?

‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल शिफॉन्सच्या ‘हीज सो फाइन’शी जुळते, असा दावा न्यायालयात गेला. १९७६ मध्ये न्यायालयाने ही नकल हेतुपुरस्सर नसली, तरी नकळत झाल्याचे ठरवले. खटला सुरू असतानाच हॅरिसन यांचे माजी व्यवस्थापक अॅलन क्लाइन यांनी त्या गाण्याचे हक्क विकत घेतले. क्लाइन यांना यातून नफा मिळू नये म्हणून १९८१ मध्ये न्यायालयाने हॅरिसन यांनी देण्याची रक्कम क्लाइन यांच्या खरेदीइतकीच, म्हणजे ५ लाख ८७ हजार डॉलर ठेवली.

१९७४ च्या अमेरिका दौऱ्यात घसा बसला आणि टीकाकारांनी झोडपले. बँडमध्ये असते तर दुसऱ्या कोणी गाऊन वेळ मारून नेली असती, इथे मुख्य भार त्यांच्यावरच होता. त्यानंतर त्यांचा पुढचा दौरा थेट १९९१ मध्ये जपानमध्ये झाला. दरम्यान १९८७ च्या ‘क्लाउड नाइन’ अल्बमने त्यांना पुन्हा यश मिळवून दिले.

आज त्यांचे स्थान काय?

२९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये कर्करोगाने हॅरिसन यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यांनी अपूर्ण ठेवलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम मुलगा धनी आणि संगीतकार जेफ लिन यांनी पूर्ण करून २००२ मध्ये प्रसिद्ध केला.

२०२३ मध्ये स्पॉटिफायवर १०० कोटी वेळा ऐकले गेलेले बीटल्सचे पहिले गाणे ठरले ‘हिअर कम्स द सन’. लेनन-मॅकार्टनी यांच्या दीडशेहून अधिक गाण्यांच्या आधी हा टप्पा गाठणारे गाणे बँडमधल्या ‘धाकट्या’चे होते.