साभार परत आलेल्या पाकिटांचा हिशेब

पाऊस सुरू झाला की आपल्या भागात दिवाळी अंकांना कथा पाठवायची गडबड सुरू होते. बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर, लिहिणारी पोरं-पोरी कथा पाठवतात आणि वाट बघत बसतात. पूर्वी पाकिटात परतीचं तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालावं लागायचं, आता ई-मेल जातो. उत्तर मात्र बहुतेक वेळा तेच, साभार परत. कधी कधी तेवढंही येत नाही.

अशा सगळ्यांसाठी आज एका माणसाची गोष्ट सांगतो. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आणि ‘व्हाइट फँग’ लिहिणारा अमेरिकन लेखक जॅक लंडन. त्याच्या कुत्र्या-लांडग्यांच्या गोष्टी पुष्कळांनी वाचल्या असतील. पण लेखक होण्याआधीची त्याची पाच-सहा वर्षं कशी गेली, हे फार जणांना माहीत नसतं. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळं मला त्यातला जमाखर्च जास्त भावला.

दहा सेंट तास

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. आईचं नाव फ्लोरा. ती पियानोच्या शिकवण्या घ्यायची. ज्या ज्योतिषाला त्याचा बाप समजलं जातं, त्यानं मूल आपलं नाही म्हणून हात झटकले. त्याच वर्षी फ्लोरानं जॉन लंडन नावाच्या, यादवी युद्धात लढलेल्या सैनिकाशी लग्न केलं आणि पोराला लंडन हे आडनाव मिळालं. आई आजारी होती, म्हणून तान्ह्या जॅकला दूध पाजलं ते व्हर्जिनिया प्रेंटिस या कृष्णवर्णीय बाईनं. ती गुलामीत जन्मलेली होती. जॅकनं तिला जन्मभर आईसारखं मानलं.

घरात पैशाची कायम ओढाताण. ओकलंड गावात लहानपणीच त्यानं पेपर टाकायला सुरुवात केली. गावच्या सार्वजनिक वाचनालयात इना कूलब्रिथ नावाच्या ग्रंथपाल होत्या, त्या स्वतः कवयित्री. पुस्तकांसाठी हपापलेल्या या पोराला त्यांनी काय वाचावं ते सांगितलं, पुस्तकं हातात दिली. आपल्याकडंही गावोगावच्या वाचनालयांनी असे कितीतरी वाचक घडवले आहेत.

आठवीनंतर शाळा सुटली. फळं-भाज्या डब्यात भरायच्या कारखान्यात तासाला १० सेंटवर काम मिळालं. दिवसाचे बारा तास तर ठरलेलेच, कधी त्याहूनही जास्त. पंधराव्या वर्षी त्यानं व्हर्जिनियाकडून ३०० डॉलर उसने घेऊन एक छोटं शिडाचं गलबत विकत घेतलं आणि रात्री दुसऱ्यांच्या राखीव जागेतली कालवं चोरून विकायचा धंदा सुरू केला. पुढं तो उलट्या बाजूला गेला, म्हणजे असे चोर पकडणाऱ्या गस्तीच्या बोटीवर. १८९३ मध्ये सतराव्या वर्षी सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून जपानच्या समुद्रापर्यंत जाऊन आला.

परत आला तर देशात मंदी. तागाच्या गिरणीत काम मिळालं, दर पुन्हा तोच. तासाला १० सेंट, दिवसाला दहा तास, म्हणजे रोज एक डॉलर.

पहिलं बक्षीस

त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकानं तरुणांसाठी लेखनाची स्पर्धा जाहीर केली. आईनं ती जाहिरात दाखवली आणि लिही म्हणून मागं लागली. दिवसभर गिरणी आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेखन, असं त्यानं तीन रात्री केलं. जपानजवळ बघितलेलं चक्रीवादळ हा विषय. पहिल्या दोन रात्रींत मर्यादेच्या दुप्पट शब्द झाले, तिसऱ्या रात्री ते कापून निम्म्यावर आणले.

पहिलं बक्षीस त्याला मिळालं, २५ डॉलर. लेख १२ नोव्हेंबर १८९३ ला छापून आला. दुसरं आणि तिसरं बक्षीस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना गेलं आणि पहिलं आठवी पास गिरणी कामगाराला. पंचवीस दिवसांची मजुरी तीन रात्रींत मिळाली होती. आता कुणालाही वाटेल की गाडी रुळावर आली. त्यालाही तसंच वाटलं. त्यानं लगेच आणखी एक मजकूर लिहून त्याच दैनिकाला पाठवला. तो परत आला. पुढची पाच वर्षं बहुतेक सगळं परतच येत राहिलं.

मधल्या काळात त्यानं वीजघरात कोळसा ओढला. दोन माणसांचं काम आपल्या एकट्याकडून महिना ३० डॉलरमध्ये करून घेतात, हे कळल्यावर ती नोकरी सोडली. मग मालगाड्यांना लटकत देशभर भटकला. नायगारा धबधब्याजवळ भटक्या म्हणून पकडला गेला आणि तीस दिवस तुरुंगात राहिला. तिथं त्यानं ठरवलं की नुसत्या अंगमेहनतीवर जगलो तर म्हातारपणी हाल कुत्रं खाणार नाही. एकोणिसाव्या वर्षी तो परत हायस्कूलमध्ये बसला. तिथलीच झाडलोट करून पैसे मिळवायचा आणि शाळेच्या मासिकात कथा द्यायचा. रात्रंदिवस अभ्यास करून १८९६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. पण पैशापायी एका सत्रातच ते सोडावं लागलं.

टाइपरायटर आणि लाँड्री

१८९७ च्या सुरुवातीला त्यानं पहिल्यांदा ठरवून लेखक व्हायचा प्रयत्न केला. मेहुण्याचा एक जुना टाइपरायटर मिळाला, त्यात सगळी अक्षरं मोठीच उमटायची. कळा इतक्या जड की बोटं सोलून निघायची. कथा, कविता, निबंध, विनोद, जे सुचेल ते तो दिवसाला पंधरा-पंधरा तास लिहायचा आणि टपालात टाकायचा. काहीही विकलं गेलं नाही. पैसे संपले तसा एका शाळेच्या लाँड्रीत कपडे धुवायला, इस्त्री करायला गेला. पगार महिना ३० डॉलर आणि जेवण-राहणं. उरलेल्या वेळात वाचू म्हणून पुस्तकं नेली होती, पण रात्री पुस्तक हातात घेतलं की झोप लागायची.

त्याच उन्हाळ्यात कॅनडाच्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बातमी आली. बहिणीनं घर गहाण टाकून पैसा उभा केला आणि जॅक तिच्या नवऱ्याबरोबर निघाला. मेहुणा डोंगर बघूनच परत फिरला. जॅक मात्र वर्षभराचं सामान पाठीवरून वाहून चिलकूट खिंड चढला. हिवाळा एका लाकडी खोपटात काढला. ताजा भाजीपाला नाही, त्यामुळं स्कर्व्ही झाली, दात हलायला लागले. १८९८ च्या उन्हाळ्यात युकॉन नदीतून होडीनं परत निघाला. सोनं मिळालं जेमतेम साडेचार डॉलरचं. पण खोपटात ऐकलेल्या माणसांच्या, कुत्र्यांच्या, थंडीच्या गोष्टी डोक्यात साठल्या होत्या.

टांगलेले शब्द, गहाण पडलेली सायकल

घरी आला तर सावत्र बाप वारलेला. आता आई आणि घरात वाढणारा एक लहान भाचा यांचा भार त्याच्यावर. वय बावीस. काम कुठंच मिळेना. मिळतील ती किरकोळ कामं करत त्यानं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी मात्र पद्धत वेगळी होती.

रोज ठरावीक शब्द लिहायचे, साधारण हजार. मूड असो वा नसो. झोप पाच तासांवर आणली. वाचताना नवीन शब्द भेटला की चिठ्ठीवर लिहून तो आरशाच्या कडेला खोचायचा. खोलीत दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी अशा चिठ्ठ्या टांगायचा, म्हणजे दाढी करता करता शब्द पाठ व्हायचे. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग तेव्हा फार गाजत होता. त्याच्या कथा जॅक हातानं उतरवून काढायचा, वाक्य कसं चालतं ते कळावं म्हणून. मासिकांत छापून आलेल्या कथा उघडून बसायचा आणि संपादकांनी नेमकं काय घेतलं, हे बघायचा.

आणि हिशेब ठेवायचा. कुठली कथा कुठल्या मासिकाला गेली, किती तिकीट लागलं, कधी परत आली, पुढं कुठं पाठवली, याची त्यानं वही केली होती. एका ठिकाणाहून पाकीट परत आलं की वेष्टन बदलून तेच दुसऱ्या ठिकाणी. तिकिटांसाठी पैसे हवेत म्हणून सायकल गहाण पडली. मग एकुलता एक चांगला सूट, आणि बापाची आठवण म्हणून उरलेला रेनकोटही. थोडे पैसे आले की सोडवून आणायचं, संपले की पुन्हा ठेवायचं. टाइपरायटरही भाड्याचा. परत आलेल्या चिठ्ठ्या शेकड्यांनी साठल्या. हिवाळ्यात जीव नकोसा व्हावा इतका तो खचला होता.

पाच डॉलर आणि चाळीस डॉलर

अशात ‘ओव्हरलँड मंथली’ या कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या मासिकाचं पत्र आलं. ‘टू द मॅन ऑन ट्रेल’ ही त्याची क्लोंडाइकची कथा त्यांना हवी होती. मानधन ५ डॉलर. हजार शब्दांना किमान १० डॉलर मिळतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. त्या हिशेबानं पाचाच्या कितीतरी पट यायला हवे होते. स्वीकाराचं पत्र हातात घेऊन माणूस रडकुंडीला यावा अशी ही वेळ. कथा जानेवारी १८९९ च्या अंकात आली, आणि ते पाच डॉलरही वेळेवर मिळाले नाहीत.

त्याच सुमाराला बोस्टनच्या ‘द ब्लॅक कॅट’ या मासिकाकडून दुसरं पत्र आलं. त्याची ‘अ थाउजंड डेथ्स’ ही अद्भुत कथा लांबलचक होती. ती निम्मी करायला परवानगी असेल तर ४० डॉलर लगेच पाठवतो, असं संपादक अम्स्टेटर यांनी कळवलं होतं. हे मासिक कथेला लांबीवर नाही तर दर्जावर पैसे द्यायचं. जॅकनं आनंदानं होकार दिला. या चाळीस डॉलरनी आपल्याला लेखनात टिकवलं, हे तो पुढं उघडपणे मान्य करत राहिला, आणि अम्स्टेटर यांच्या कथासंग्रहाला त्यानं प्रस्तावनाही लिहिली.

सरकारी नोकरी

खरी परीक्षा मात्र यानंतरची. काम मिळत नव्हतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर १८९८ मध्ये, जॅकनं पोस्टमनच्या जागेसाठी सरकारी परीक्षा दिली होती. त्यात तो ८५.३८ गुण मिळवून पास झाला. १८९९ च्या सुरुवातीला बोलावणं आलं. पगार महिना ६५ डॉलर, कायमची नोकरी.

आपल्या घरांत असं पत्र आलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. एका बाजूला दरमहा ६५ डॉलर, दुसऱ्या बाजूला एका कथेचे पाच. घरात म्हातारी आई, भाचा, वाण्याची उधारी. या वेळी दुसऱ्याला घ्या आणि पुढची जागा निघाली की मला बोलवा, अशी विनंती त्यानं पोस्टमास्तरांना केल्याचं त्यानंच पुढं सांगितलं आहे. ते काही जमलं नाही. आई काय म्हणेल, ही धास्ती होती. पण जिनं पहिल्या स्पर्धेची जाहिरात दाखवली होती, तिनंच या वेळीही त्याला लेखन सोडू नको म्हणून सांगितलं. नोकरी नाकारली.

पुढचे आकडे बघा. ‘ओव्हरलँड’नं नंतरच्या कथांना साडेसात डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याच वर्षी बोस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’नं ‘अॅन ओडिसी ऑफ द नॉर्थ’ या कथेचे १२० डॉलर दिले. ती जानेवारी १९०० मध्ये छापली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिला कथासंग्रह आला. १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आलं. मासिकानं त्याचे ७५० डॉलर दिले आणि प्रकाशकानं २००० डॉलरला सगळे हक्क एकदाच घेऊन टाकले. पुस्तक प्रचंड खपलं, पण रॉयल्टी शून्य. व्यवहाराच्या नजरेनं बघितलं तर त्याचा हा सौदा तोट्यातला ठरला.

नंतरचं

पैसा नंतर भरपूर आला, पण तसाच गेलाही. शेती, बोट, बांधकाम, दारू, दानधर्म. कर्ज कधी सुटलं नाही. कामगारांच्या बाजूनं तळमळून लिहिणाऱ्या या माणसाच्या लेखनात गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठपणाच्या कल्पनाही दिसतात, व्हर्जिनियाच्या दुधावर वाढलेला असूनही. ते झाकायचं कारण नाही. २२ नोव्हेंबर १९१६ ला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजारानं तो कॅलिफोर्नियातल्या आपल्या शेतावर वारला. मागं पन्नासाच्या आसपास पुस्तकं होती. रोज हजार शब्दांचा नेम त्यानं जवळजवळ शेवटपर्यंत चालवला. ‘मार्टिन ईडन’ या त्याच्या १९०९ च्या कादंबरीत या उमेदवारीच्या दिवसांचं चित्र सापडतं. लिहिणाऱ्यानं ती मिळवून वाचावी.

गाजल्यावर त्याच्याकडं नवशिक्यांची हस्तलिखितं यायची. त्यांना तो उत्तरं लिहायचा, बहुतेक वेळा परखड. सिंक्लेअर लुईस नावाच्या एका धडपड्या तरुणाकडून त्यानं १९१० मध्ये कथांची कथानकं रोख पैसे देऊन विकत घेतली. त्या पोराला तेव्हा पैशाची गरज होती. वीस वर्षांनी, १९३० मध्ये, साहित्याचं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक ठरला.

यंदा कुणाची कथा परत आली असेल तर तिची नोंद वहीत करा, एकदा वाचून बघा, कापायचं ते कापा, आणि दुसऱ्या अंकाला पाठवा. दिवाळीला अजून वेळ आहे.