सरकारने अनुदान रोखलं, पण कर्मवीरांची ‘रयत’ बंद पडली नाही

1948 साल. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रातलं वातावरण तापलेलं होतं. साताऱ्याच्या एका खादीधारी शिक्षणवेड्या माणसाने सरकारवर जाहीर टीका केली आणि बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने थेट त्याच्या संस्थेचं अनुदानच थांबवलं.

तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

गंमत म्हणजे हे इंग्रजांनी नाही, आपल्याच सरकारने केलं होतं. आणि भाऊराव काही गांधींचे विरोधक नव्हते. 1927 साली त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं ते गांधीजींच्याच हस्ते.

भाऊरावांचा जन्म 1887 चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. ओगले, किर्लोस्कर, कूपर अशा कारखान्यांसाठी काम करत गावोगाव हिंडले, आणि हिंडताना त्यांना दिसलं की बहुजनांच्या पोरांना शाळा आहे तिथेही राहायला जागा नाही. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकाच पंगतीला जेवायची. पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

पण दागिन्यांवर एक वसतिगृह चालतं, शेकडो शाळा नाही.

तिथे सरकार आलं. 1935 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. पुढे वाड्या-वस्त्यांवर ‘व्हॉलंटरी’ शाळा निघाल्या, त्यांचा आकडा 578 पर्यंत गेला. आता अनुदान म्हणजे काय, तर आधी खर्च करा, मग हिशेब द्या, मग तपासणी होणार आणि शेवटी पैसे हातात पडणार. हजेरीपट, पावत्या, शेरेबुकं हे सगळं सांभाळायचं कोणी? बऱ्याचदा शाळेत शिक्षक एकच. फळ्यावर बाराखडी लिहायची त्यानेच आणि सरकारी तक्ते भरायचे तेही त्यानेच.

हिशेब मागण्यात चूक काहीच नाही. लोकांचा पैसा आहे, विचारलंच पाहिजे. पण 1948 मध्ये प्रश्न हिशेबाचा नव्हताच. पावती चुकली म्हणून नाही, तर संस्थापक बोलला म्हणून पैसे अडले. भाऊरावांच्या मनात याचं उत्तर आधीपासून होतं. पोरांनी शेतात राबायचं, खडी फोडायची आणि आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतः उचलायचा. 1940 साली साताऱ्यात सुरू केलेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल याच ‘कमवा आणि शिका’वर उभं होतं. आता तेच कामी आलं, जोडीला लोकांची वर्गणी होती. गाडगेबाबांनी खेरांकडे जाऊन रदबदली केली. झाडूवाल्या बाबांचा शब्द सरकारला टाळता आला नाही आणि अनुदान पुन्हा सुरू झालं.

दोनच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. 1950 साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. धर्मादाय आयुक्त हे पद याच कायद्यातलं. आधीच नोंदणी झालेल्या शिक्षणसंस्थाही या कायद्याखाली आल्या. 31 मार्चला हिशेब बंद करायचा, ऑडिट करून घ्यायचं, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कळवायचं. आजही गावातल्या मंडळाचा ‘चेंज रिपोर्ट’ वर्षानुवर्षं अडकतो, तो याच कायद्यातला. देवस्थानांच्या जमिनी आणि दानपेट्या गिळणाऱ्यांना चाप बसावा म्हणून या कायद्याची गरज होतीच. फक्त मोठ्या देवस्थानाकडे मुनीम असतो आणि खेड्यातल्या वसतिगृहाकडे नसतो, हा फरक कायद्याने फारसा पाहिला नाही.

भाऊराव थांबले नाहीत. 1954 साली त्यांनी कराडला कॉलेज काढलं आणि त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं.

9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं होतं.