राजाला बोलते करणारे लायनेल लोग

ब्रिटनचे राजे आणि भारताचे अखेरचे सम्राट सहावे जॉर्ज यांना तोतरेपणावर मात करण्यास ज्यांनी साहाय्य केले, ते लायनेल लोग डॉक्टर नव्हते. वैद्यकशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होती ती रंगमंचाची, काव्यवाचनाची आणि वाचिक अभिनय शिकवण्याची प्रदीर्घ साधना.

लोग यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८८० रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. शाळेत शिक्षा म्हणून थांबवून ठेवले असताना लाँगफेलो या अमेरिकी कवीचे ‘हायवाथा’ हे काव्य त्यांच्या हाती पडले आणि त्यातील लयीने त्यांना भुरळ घातली, असे सांगितले जाते. पुढे एडवर्ड रीव्हज या शिक्षकांकडे त्यांनी उच्चारकलेचे धडे घेतले. काही काळ सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात नोकरी केल्यानंतर ते पर्थ येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी अभिनय व वक्तृत्व शिकवले, नाटके बसवली, काव्यवाचनाचे जाहीर कार्यक्रम केले.

त्यांच्या विद्येला वेगळे वळण मिळाले ते पहिल्या महायुद्धानंतर. विषारी वायूमुळे आणि युद्धाच्या मानसिक धक्क्यामुळे ज्यांची वाचा गेली होती किंवा अडखळत होती, असे सैनिक मायदेशी परतले होते. नटाला प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी जे शिकवले जाते, तेच लोग यांनी या सैनिकांना शिकवले: श्वासपटलाचा वापर करून खोल श्वास घेणे, जबडा व घसा सैल सोडणे, स्वर लांबवून म्हणणे. सोबतीला विनोद होता आणि अमाप धीर होता. साधे दैनंदिन संभाषणही ज्यांना दुरापास्त झाले होते, अशांपैकी काहीजण पुन्हा बोलू लागले.

१९२४ मध्ये लोग सहकुटुंब इंग्लंडला गेले आणि लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर त्यांनी उपचारकक्ष उघडला. नामवंत डॉक्टरांच्या या वस्तीत पदवी नसलेल्या माणसाने बस्तान बसवणे हे धाडसच होते.

राजपुत्र आल्बर्ट, म्हणजेच भावी सहावे जॉर्ज, त्या वेळी ड्यूक ऑफ यॉर्क होते. बालपणापासून ते तोतरे बोलत. ऑक्टोबर १९२५ मध्ये वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाचे त्यांचे भाषण त्यांना स्वतःला आणि श्रोत्यांनाही अत्यंत क्लेशदायक ठरले. अनेक तज्ज्ञांचे उपाय निष्फळ ठरल्याने ते निराश झाले होते. पत्नी एलिझाबेथ यांच्या आग्रहावरून १९ ऑक्टोबर १९२६ रोजी ते लोग यांच्याकडे गेले. लोग यांच्याकडे जादूची कांडी नव्हती. रोजचा सराव हीच त्यांची अट होती. उघड्या खिडकीसमोर उभे राहून एकेक स्वर मोठ्याने दीर्घकाळ म्हणायचा, श्वासाचे व्यायाम करायचे, जिभेची कसोटी पाहणारी वाक्ये घोकायची. भाषणाचा मसुदा आला की अडखळायला लावणारे शब्द बदलायचे आणि कोठे थांबायचे याच्या खुणा करायच्या. आपला दोष असाध्य नाही, हा विश्वास मिळणे त्या भिडस्त राजपुत्राच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाचे होते.

त्याचे फळ लवकरच दिसले. ९ मे १९२७ रोजी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे नव्या संसद भवनाच्या उद्घाटनप्रसंगी ड्यूक समाधानकारकपणे बोलले. २०१० च्या ‘द किंग्ज स्पीच’ या गाजलेल्या चित्रपटात ही भेट १९३० च्या दशकात घडल्याचे दाखवले आहे. नाट्याच्या दृष्टीने ते सोयीचे असले, तरी प्रत्यक्षात राज्यारोहणापूर्वी दहा वर्षे हे शिक्षण सुरू झाले होते.

डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या बंधूंनी राजत्याग केला आणि ज्याला बोलण्याचे भय वाटे, त्याच्याच शिरावर मुकुट आला. रेडिओच्या त्या युगात राजाला मौन परवडणारे नव्हते. मे १९३७ मधील राज्याभिषेकाची तालीम लोग यांनीच करून घेतली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्यानंतरचे भाषण साम्राज्यभर प्रक्षेपित झाले, तेव्हाही ते राजाजवळ होते. मेजाशी बसलेल्या राजाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात मात्र भाषण उभ्याने झाले, कारण त्या स्थितीत श्वास मोकळा राहतो. तोतरेपणा समूळ गेला नव्हता. लांबलेले विराम शेवटपर्यंत ऐकू येत राहिले, पण वाक्य पूर्ण होत असे.

१९४४ च्या नाताळात राजाने लोग यांच्या उपस्थितीविना भाषण केले. लोग तेव्हा स्वतःच्या घरी होते आणि इतरांप्रमाणे रेडिओवर ते ऐकत होते. दोघांचा स्नेह पुढेही टिकला. सहावे जॉर्ज फेब्रुवारी १९५२ मध्ये निवर्तले, तर लोग यांचे निधन १२ एप्रिल १९५३ रोजी लंडन येथे झाले. राजाविषयी त्यांनी पुस्तक लिहिले नाही. त्यांच्या रोजनिशा आणि राजाची पत्रे कुटुंबाकडेच राहिली. त्यांच्या आधारे नातू मार्क लोग यांनी सहलेखकासह लिहिलेला ग्रंथ २०१० मध्ये प्रकाशित झाला.