अणुयुगातील शांतिव्रती : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

दि. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि तीन दिवसांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. एका क्षणात लक्षावधी जीवांचा संहार करण्याचे सामर्थ्य मानवाच्या हाती आले आणि अहिंसा हा व्यक्तीच्या आचरणापुरता विषय न राहता साऱ्या मानवजातीच्या जीवनमरणाचा प्रश्न बनला. अण्वस्त्रांविरुद्ध झटणाऱ्यांचा नोबेल शांतता पुरस्काराने वेळोवेळी गौरव झाला. १९६२ चा पुरस्कार शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांना, १९९५ चा जोसेफ रॉटब्लॅट व पग्वॉश परिषद यांना, तर २०२४ चा अणुबॉम्बच्या दाहातून वाचलेल्या जपानी नागरिकांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेला मिळाला. या मालिकेत ज्यांचे नाव नाही, परंतु ज्यांनी हीच वाट आयुष्यभर चोखाळली, असे एक थोर मराठी विद्वान म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पिता धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे जगन्मान्य पंडित. जैन समाजाला त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने असावे. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ही चार यामे मानवी कल्याणाचा पाया आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती. वृद्धत्व व व्याधी यांमुळे देह सेवेस असमर्थ झाला, तेव्हा आपल्या विदर्भातील सेवाग्राम येथे त्यांनी आहाराचा त्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी शांत चित्ताने देह ठेवला. हा देहत्याग जैन परंपरेतील संलेखनेचेच स्मरण करून देणारा होता.

पित्यासमवेत दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये अत्युच्च श्रेणीत पदवी संपादून ते मायदेशी परतले. बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकविले. पुढे डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. पुण्याहून मुंबईस ते रेल्वेने ये-जा करीत. गणिताबरोबरच नाणकशास्त्र, संस्कृत काव्य आणि इतिहास या क्षेत्रांतही त्यांनी मूलगामी कार्य केले. भर्तृहरीच्या शतकत्रयाची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात.

ते मार्क्सवादी विचारांचे होते. पित्याने धर्मग्रंथांतून शोधलेला मार्ग पुत्राने विज्ञान व समाजशास्त्र यांतून शोधला. तरीही दोघांचे गंतव्य फार दूर नव्हते. मूठभरांचा अमर्याद लोभ हेच युद्धाचे मूळ आहे आणि उपाशी जनतेला न्याय मिळाल्यावाचून खरी शांतता नांदणार नाही, असे दामोदरांचे प्रतिपादन होते. अपरिग्रहावाचून अहिंसा टिकत नाही हे जाणणाऱ्यांस हा विचार परका वाटणार नाही.

अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदीची मागणी करणारे स्टॉकहोम आवाहन मार्च १९५० मध्ये प्रसृत झाले. त्यामागील जागतिक शांतता चळवळीत कोसंबी अग्रभागी होते. त्या निमित्ताने त्यांनी देशोदेशी प्रवास केला. भारतात अणुऊर्जेविषयी मोठा उत्साह होता, तेव्हा प्रवाहाविरुद्ध उभे राहून त्यांनी तिचा खर्च, किरणोत्सर्गाचे धोके आणि घातक अवशेषांचा प्रश्न निर्भयपणे मांडला. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढील व्याख्यानात हाच विषय त्यांनी मांडला होता. गरीब देशाने सूर्याची ऊर्जा वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. चिखलीपासून कोकणापर्यंत ऊन कोठेही विकत आणावे लागत नाही, आणि त्यापासून बॉम्बही बनत नाही!

हे सारे ते बोलत होते, तेव्हा त्यांच्या संस्थेचे प्रमुख डॉ. भाभा हेच देशाच्या अणुऊर्जा आयोगाचेही अध्यक्ष होते. संबंधांत दुरावा येत गेला आणि १९६२ मध्ये कोसंबींच्या सेवेचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. ज्या वर्षाचा शांतता पुरस्कार पाउलिंग यांच्या नावे नोंदला गेला, त्याच वर्षी कोसंबींची नोकरी संपली. मात्र त्यांनी आपले मत बदलले नाही. पुण्याजवळील टेकड्या व खेडी पायी तुडवीत त्यांचे संशोधन चालूच राहिले. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८ वर्षांचे होते.

१९८० साली त्यांचा मरणोत्तर सन्मान झाला, तर २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. आज महाराष्ट्रातील शेतांवर सौरपंप चालतात, तेव्हा त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष पटते. अण्वस्त्रांचे साठे मात्र जगात अजून कायम आहेत. पुरस्काराची अपेक्षा न धरता आणि हानीचे भय न बाळगता सत्य सांगत राहणे हेही एक व्रतच होय. त्या व्रतस्थ जीवनास विनम्र अभिवादन!