मराठी पोरांना विज्ञान मराठीत वाचायला देणारा सिंधुदुर्गचा एक माणूस

कसालच्या तिठ्यावरून एक रस्ता मालवणला जातो. महामार्ग मात्र तसाच उत्तरेला कणकवलीकडे निघतो. त्या बाजूनं पुढे देवगड तालुक्यात शिरलं की पोंभुर्ले नावाचं गाव लागतं. बाळशास्त्री जांभेकरांचं हे गाव.

बाळशास्त्री म्हटलं की आपल्याला ‘दर्पण’ आठवतं. ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालेलं मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. म्हणूनच ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो. पण हा माणूस मुळात गणिताचा आणि खगोलशास्त्राचा मास्तर होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ च्या सुमाराचा. वडील गंगाधरशास्त्री विद्वान, त्यामुळे संस्कृतचा अभ्यास घरातच झाला. मग पोरवयातच ते शिकायला मुंबईला आले. इंग्रजी शिकले, गणितात तर इतके तयार झाले की विशीच्या आसपास शिक्षणक्षेत्रातलं जबाबदारीचं काम त्यांच्याकडे आलं.

१८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं संचालकपदही काही काळ बाळशास्त्रींकडे होतं. म्हणजे आकाशाचे वेध घेण्याचं काम एक कोकणी शास्त्री बघत होता.

आता तो काळ बघा. फॅरेडेनं चुंबकापासून वीज मिळवता येते हे दाखवलं १८३१ मध्ये. त्यानंतर चार-पाच महिन्यांत मुंबईत ‘दर्पण’ निघालं. डार्विनचं सजीवांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक यायला अजून २७ वर्षं होती. मुंबईत रेल्वे नव्हती, विद्यापीठ नव्हतं. जगात विज्ञान धावत होतं आणि ते सगळं इंग्रजीत होतं. मराठी पोराला ते कळणार कसं? त्यासाठी लागणारे शब्दसुद्धा मराठीत धड नव्हते.

बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी असं जोडीनं चालवलं. ते १८४० मध्ये बंद पडलं. पण त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ सुरू केलं. हे मराठीतलं पहिलं मासिक मानलं जातं. त्यात भूगोल, इतिहास यांच्यासोबत पदार्थविज्ञान, रसायन, प्राणिविज्ञान असे विषय असायचे. समजायला सोपं जावं म्हणून नकाशे आणि आकृत्याही दिल्या जायच्या. आज तिसरी-चौथीतलं पोर ‘परिसर अभ्यास’ उघडून ग्रह, प्राणी, झाडं यांची ओळख करून घेतं, त्याची ही सुरुवात म्हणता येईल. शिवाय शाळेसाठी व्याकरण, भूगोल आणि गणिताची पुस्तकं त्यांनी लिहिली ती वेगळीच.

हे करताना ते समाजाशीही भिडले. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री परळीकर या मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला परत हिंदू धर्मात घ्यायचा प्रश्न आला. सनातनी मंडळी विरोधात गेली. बाळशास्त्री मुलाच्या बाजूनं उभे राहिले. विशेष म्हणजे ते काही परंपरा मोडीत काढणारे नव्हते. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत काढली तीही त्यांनीच. ग्रहगणित आणि ज्ञानेश्वरी, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती.

१८४५ मध्येच शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. कारण साधं होतं. पुस्तक नुसतं छापून भागत नाही, ते शिकवणारा मास्तरही लागतो.

मात्र पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये ते गेले. वय जेमतेम चौतिशीचं. ज्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केलं, तिथंच काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुढे मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली. बाळशास्त्रींच्या मागे मराठीतलं विज्ञान थांबलं नाही, ते असं.